‘मौजे’ किती वेळा आलंय, मोजून आणा

प्रश्न : ताई, मी घणसोलीला राहतो, वय 44. महापेच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत गावाकडच्या जमिनीचे सहा मोडी कागद सापडले. गावही मुरबाडच्या बाजूला आहे, त्याहून जास्त काही घरात कुणाला सांगता येत नाही. तीन वर्षं दर जानेवारीत ‘यंदा मोडी शिकायची’ असं ठरवतो. पुस्तक आणलं, व्हिडिओ पाहिले, पेशवेकाळातलं एक पत्र वाचायला घेतलं, ‘सलास’पाशी अडलो आणि सुटलं. आता नेरूळचे एक निवृत्त गृहस्थ शिकवायला तयार आहेत. पण माझ्यासारख्या धरसोड माणसाने त्यांचा वेळ घ्यावा का? जायचं तर सुरुवात कुठून करू?
— एक वाचक

उत्तर : जरूर जा. येत्या रविवारीच जा.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण अशीच धरसोड मीही केली आहे. ठाण्यात पोस्टात नोकरीला असताना, 2008 साली, पन्नाशीत मी मोडीच्या एका वर्गात नाव घातलं. पहिल्याच दिवशी अख्खी बाराखडी फळ्यावर. मोडीत काना लागला की काही अक्षरांचं रूपच बदलतं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, ओळ आधी आखून घेतलेली आणि शब्द एकमेकांना चिकटलेले. तिसऱ्या आठवड्यात मी जायचं बंद केलं.

मग कोपरीतले एक काका भेटले. सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांची नोकरी झालेली. मी म्हटलं, ‘काका, मला मोडी शिकायची आहे.’ त्यांनी माझ्याकडच्या खरेदीखताची झेरॉक्स पुढ्यात सरकवली. ‘हे घरी न्या. यात “मौजे” किती वेळा आलंय तेवढं मोजून आणा.’ बस्स, एवढंच. ‘मौजे’ म्हणजे गाव, जमिनीच्या कागदात गावाच्या नावाआधी येणारा शब्द.

पुढच्या शनिवारी मी ठासून सांगितलं, पाच. काकांनी पेन्सिलीने सात खुणा केल्या. एका ठिकाणी ‘मौ’ ओळीच्या शेवटी आणि ‘जे’ खालच्या ओळीत गेला होता. दुसऱ्या ठिकाणी तो पुढच्या गावाच्या नावात असा मिसळला होता की मला तो सबंध एकच शब्द वाटला. ते दोन चुकलेले ‘मौजे’ मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. मोडीत शब्द कुठे संपतो ते डोळ्यांनी नाही, अर्थाने ठरवायचं, हे मला त्या दोन चुकांनी शिकवलं. बाराखडीच्या तक्त्यातून ते कधीच कळलं नसतं.

म्हणून तुमच्या ‘यंदा मोडी शिकायची’बद्दल माझं म्हणणं असं : ही इच्छा झाली. हिशेब देता येईल असं त्यात काही नाही. मोजता येईल आणि दुसऱ्याला तपासता येईल एवढा तुकडा घ्या. तुमच्या सहा कागदांतला सर्वांत अलीकडचा कागद निवडा. पेशवेकाळाला आत्ता हात लावू नका. ‘सलास’ म्हणजे अरबीतले तीन. जुन्या पत्रांत शुहूर सनाचं वर्ष अशा अरबी अंकशब्दांत लिहीत, त्यातला हा शेवटचा आकडा. त्या पूर्ण वर्षात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो. पण तुमच्या जमिनीच्या कागदाला बहुधा याची गरजही पडणार नाही. चुकीच्या कागदापाशी अडलात, म्हणून धरसोड म्हणवून घेताय.

त्या कागदात चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंना काय आहे तो मजकूर, शोधा. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. चारही शब्दांचा शेवट सारखा आणि चारही जवळजवळ येतात, त्यामुळे नवख्या डोळ्यालाही सापडतात. मग तुमचं आडनाव आणि ‘मौजे’ शोधा, गावाचं नाव त्याच्या पुढेच असतं. काय लिहिलेलं असणार हे आधी ठाऊक असलं की अक्षर ओळखीचं होतं. पहिल्या महिन्याला एवढं काम पुरे. दिवाळीपर्यंत एक चतुःसीमा सबंध वाचता आली, तर तुमची गाडी रुळावर आहे असं मी म्हणेन.

त्या गृहस्थांना काय सांगायचं? ‘दर पंधरा दिवसांनी रविवारी एक तास येईन, तुम्ही दिलेलं काम करून येईन. वाचून दाखवू नका, माझ्याकडून वाचून घ्या.’ हे पहिल्याच दिवशी बोला. पैशांचा विषयही तेव्हाच काढा. नको म्हणाले तर आग्रह करू नका, पण झेरॉक्स तुम्ही काढून न्या आणि ए-थ्री आकारात मोठ्या न्या. साठी-सत्तरीतल्या डोळ्यांना त्याचं मोल फार असतं. मूळ कागद घरीच ठेवा. त्यांना लॅमिनेशन नको आणि फाटलं असेल तिथे सेलोटेपही लावू नका.

आता तुमच्या भीतीबद्दल. माझ्याही मधे तीन आठवडे काही झालं नव्हतं. सासूबाई आजारी होत्या, लाजेने मी काकांकडे गेलेच नाही. चौथ्या शनिवारी त्यांचा फोन आला. ‘झालं नसेल तर न झालेलं घेऊन या.’ मी कोरा कागद घेऊन गेले. ते रागावले नाहीत. शेजारी बसून त्यांनी अर्धी ओळ माझ्याकडून वाचून घेतली आणि चहा दिला. कुणाचा वेळ आपण वाया घालवतो तो काम न करता गेल्याने नाही, तोंड लपवल्याने. घणसोलीहून ठाणे-नेरूळ लोकल सरळ जाते, तेव्हा गाडीचीही सबब नको.

वर्षभराने जम बसला तर जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या सरकारी पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी प्रशिक्षण वर्गांची चौकशी करा. मात्र हे कागद वाटणीसाठी किंवा कोर्टात लागणार असतील, तर त्यांचं लिप्यंतर मान्यताप्राप्त जाणकाराकडूनच करून घ्या आणि आधी वकिलांशी बोला. तिथे तुमचं-माझं वाचन चालायचं नाही.

आणि तुमच्या शेताच्या उत्तरेस कुणाचं शेत होतं, ते वाचता आलं की मला नक्की कळवा.