चिनी भाषक विद्यार्थ्यांना ‘टेक’ हे इंग्रजी क्रियापद कसे शिकवावे?

तैवानमधील प्रौढ विद्यार्थ्यांना आपण ऑनलाइन इंग्रजी शिकवता आणि ‘टेक’चे शब्दकोशातील सगळे अर्थ पाठ करूनही ते ‘ईट मेडिसिन’च म्हणतात, असे आपण लिहिले आहे. मी सिंगापूरमध्ये मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषा, बोलणाऱ्या प्रौढांना इंग्रजी शिकवतो, त्यामुळे ही अडचण माझ्या चांगल्या परिचयाची आहे. माझ्या मते दोष विद्यार्थ्यांचा नसून अर्थांच्या यादीचा आहे. ती यादी इंग्रजीच्या सोयीने केलेली असते. विद्यार्थ्याच्या डोक्यात मात्र त्या प्रत्येक अर्थासाठी वेगळे क्रियापद आधीपासूनच असते. म्हणून ‘टेक’चे तुकडे त्यांच्या क्रियापदांप्रमाणे पाडावेत.

हाताने घेण्यासाठी मँडरिनमध्ये ‘ना’ आहे आणि सोबत नेण्या-आणण्यासाठी ‘ताय’ (पिनयिन म्हणजे चिनी शब्द रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत; तिच्यातील ‘डी’ हा आपल्या ‘त’च्या जवळचा, म्हणून मी ‘त’ लिहितो). या ‘ताय’ला ‘येणे’ या अर्थाचा ‘लाय’ जोडला की ‘ब्रिंग’ होते आणि ‘जाणे’ या अर्थाचा ‘छ्यु’ जोडला की ‘टेक’. ही रचना आपल्या ‘घेऊन ये’ आणि ‘घेऊन जा’सारखीच असल्यामुळे मराठी शिक्षकाला ती चटकन उमगते. चिनी विद्यार्थी येथे चुकतो तो दिशा न कळल्यामुळे नव्हे, तर दिशा दाखवण्याचे काम इंग्रजीत मूळ क्रियापदच करते हे त्याला कोणी सांगितलेले नसल्यामुळे.

औषध मात्र चिनी माणूस ‘खातो’. काढा असेल तर तो पितोही. त्यामुळे ‘ईट मेडिसिन’ हे त्याला अगदी तर्कशुद्ध वाटते. मराठीत आपण औषध ‘घेतो’, म्हणून ही चूक मराठी विद्यार्थ्यांकडून सहसा होत नाही. परीक्षेच्या बाबतीत मात्र आपणही सावध राहायला हवे. चिनी भाषेत परीक्षेत ‘भाग घेतात’, त्यामुळे विद्यार्थी ‘जॉइन द एक्झाम’ म्हणतो; मराठीत परीक्षा ‘देतात’, त्यामुळे त्याला सुधारता सुधारता शिक्षकाच्याच तोंडून ‘गिव्ह द एक्झाम’ निघून जाण्याचा धोका असतो. ‘टेक अ बस’साठी, म्हणजे बसने जाण्यासाठी, चिनी भाषेत ‘बसणे’ हे क्रियापद चालते, मग प्रत्यक्षात प्रवासी दांड्याला लटकून उभा का असेना. फोटोचा प्रश्न फारसा येत नाही. ‘टेक अ फोटो’ हा शब्दसमूह ते सुरुवातीलाच अख्खा उचलतात.

खरी गुंतागुंत वेळेची आहे. खर्च करण्यासाठी मँडरिनमध्ये ‘ह्वा’ हे एकच क्रियापद पैसा आणि वेळ या दोहोंना चालते, तर इंग्रजीत त्याच्या जागी ‘स्पेंड’, ‘कॉस्ट’, ‘पे’ आणि ‘टेक’ असे चार वाटेकरी उभे राहतात. चीनमधील शालेय व्याकरणात या चौघांतील फरक हा परीक्षेचा ठरलेला प्रश्न आहे, तरीही बोलताना ‘आय कॉस्ट टू अवर्स’ असे वाक्य निघतेच. येथे मी नियम सांगत बसत नाही; कर्त्याकडे बोट दाखवतो. ‘स्पेंड’चा कर्ता माणूस असतो. ‘इट टुक मी टू अवर्स’मध्ये मात्र कर्त्याच्या जागी ‘इट’ बसते आणि माणूस मागे सरकतो, जसा तो आपल्या ‘मला दोन तास लागले’मध्ये कर्त्याच्या जागेवरून हटतो. आपल्याला ‘लागणे’मुळे सहज जमणारी ही कलाटणी त्यांच्याकडून मुद्दाम घोटून घ्यावी लागते.

एकाच क्रियापदाने इतकी कामे करावीत हे विचित्र आहे, अशी तक्रार विद्यार्थी करतातच. त्या वेळी त्यांना त्यांचेच ‘ता’ दाखवावे. याचा मूळ अर्थ ‘मारणे’; पण चिनी माणूस फोन ‘मारतो’, चेंडूचा खेळ ‘मारतो’, टॅक्सीसुद्धा ‘मारतो’. आपणही गप्पा मारतो आणि फेरी मारतो, तेव्हा हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. हे एकदा पटले की ‘टेक अ शॉवर’, ‘टेक अ ब्रेक’, ‘टेक नोट्स’ यांत ‘टेक’ला स्वतःचा अर्थ शोधू नये, तो पुढच्या नामात असतो, हे वेगळे समजावावे लागत नाही.

‘टेक प्लेस’कडे स्वतंत्र लक्ष द्यावे. ‘ग्रेट चेंजेस हॅव बीन टेकन प्लेस’ हे वाक्य चिनी विद्यार्थ्यांच्या निबंधांत वारंवार भेटते. चिनी भाषेत ‘जेवण तयार केले’ अशा अर्थाच्या वाक्यात कर्माला पुढे आणूनही क्रियापदावर कर्मणिप्रयोगाची कोणतीही खूण न करता चालते. इंग्रजीत ती खूण लागते हे शिकल्यावर विद्यार्थी ती अतिउत्साहाने, जेथे नको तेथेही लावतो. ‘टेक प्लेस’ला कर्मच नसते, म्हणून त्याचा कर्मणिप्रयोग संभवत नाही, एवढे सांगून ‘हॅपन’ सोबत ठेवावे.

उच्चाराकडेही पाहावे. मँडरिनमध्ये शब्दाच्या शेवटी ‘क’ येतच नाही. म्हणून काहींचा ‘टेक’ ‘टे’वर थांबतो, तर काहींचा ‘टेका’ होतो. पुढचा शब्द स्वराने सुरू होणारी वाक्ये द्यावीत, म्हणजे ‘टेक इट’मधला ‘क’ पुढच्या स्वराला चिकटून आपोआप नीट उच्चारला जातो. तैवानी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी होक्कियन ही मँडरिनहून वेगळी चिनी भाषा बोलली जाते, त्यांना हा सराव थोडा दिला तरी पुरतो, कारण त्या भाषेत शब्दान्ती ‘क’ आहे.