पॅकेजवाल्याने म्हैसूर एका रात्रीत बसवलंय? चालवून घेऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि यांना हाक मारून दाखवली, म्हटलं अहो बघा, हे तर आपलंच लिहिलंय कोणीतरी. दोघंच जाणार, बायकोला खाण्याची हौस, तुम्ही म्हैसूर शाळेच्या सहलीत पाहिलेलं त्यामुळे झू सोडून फारसं आठवत नाही, आणि टूरवाल्याने ॲडव्हान्स घेतल्यावर आता कळवलंय की हॉटेल बदललं, म्हैसूर एकच रात्र, मग उटी, मग कूर्ग. रद्द करतो म्हटलं तर पैसे परत मिळत नाहीत म्हणे. "चालवून घेऊ का?" असं विचारलंय तुम्ही. नको. का ते सांगते, जरा लांबेल.

माझी नणंद बरीच वर्षं तिथे कुवेंपुनगरात होती, त्यामुळे म्हैसूर आमच्यासाठी सुट्टीतलं दुसरं घरच. पण तिची बदली झाल्यावर आमच्या मुलाने लग्नाच्या वाढदिवसाला भेट म्हणून एका ऑफिसमधून आम्हा दोघांचं पॅकेज बुक केलं, बिचाऱ्याने हौसेने केलं, त्याला बोलण्यात अर्थ नाही. ऑफिसचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. कागदावर हॉटेल पॅलेसजवळचं होतं आणि पुढे बारीक अक्षरात "ऑर सिमिलर". हे सिमिलर निघालं श्रीरंगपट्टणच्याही पलीकडे हायवेला. म्हणजे सकाळी डोसा खायला बाहेर पडायचं तर गाडी, रात्री फुलांचा बाजार बघायचा तर गाडी, आणि गाडी यायची ड्रायव्हरच्या सोयीने, कारण त्याच्याकडे आणखी एक कुटुंब दिलेलं.

तेही चाललं असतं. खरा घाव रविवारचा. म्हैसूर पॅलेसवरची रोषणाई, ते जवळजवळ लाखभर दिवे, रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी लागतात, संध्याकाळी सातच्या सुमारास आणि पाऊण-एक तास, बस्स. दसऱ्यात रोज असते, पण तेव्हा हॉटेलचे भाव विचारायची सोय नसते. इतर दिवशी लाईट-साउंडचा शो असतो, पण त्याची गंमत वेगळी, ही नाही. आम्ही मुद्दाम रविवार धरून तारीख घेतली होती, मुलाने ते तिथे दोनदा बोलूनही दाखवलं होतं. पोचलो तर ड्रायव्हर म्हणतो आज वृंदावन गार्डन (शहराबाहेर धरणापाशी असलेली कारंज्यांची बाग), पॅलेस उद्या सकाळी, वरून तसं सांगितलंय. ऑफिसला फोन केला तर "मॅडम, तिथल्या लोकल ऑपरेटरशी बोला", लोकल ऑपरेटर म्हणतो "बुकिंग जिथे केलंत तिथे बोला". हे फोन होईपर्यंत आम्ही धरणावर पोचलेलो आणि तिथून सात वाजेपर्यंत परत येणं शक्य नव्हतं. कारंजी नाचत होती, मी तोंड फुगवून शेंगा खात होते. सोमवारी पॅलेस झाला पण पळापळीत, कारण त्यानंतर "सिल्क एम्पोरियम" होतं, तिथे मात्र निवांत वेळ! चहासुद्धा दिला. मंगळवारी झू. मंगळवारी झू बंद असतो, शेजारचा कारंजी तलावही. हे ज्या माणसाने कागद टाईप केला त्याला माहीत नव्हतं, आणि पैसे मात्र म्हैसूरचे स्पेशालिस्ट म्हणून घेतले.

परत आल्यावर तक्रार केली तर व्हाउचर देतो म्हणाले, पुढच्या टूरवर वापरा, आणि त्यालाही मुदत. तेव्हा मुलाने एक गोष्ट बरोबर केली. फोन बंद, सगळं ईमेलवर. आणि भाषा अशी की "आम्ही रद्द करत नाही, तुम्ही कबूल केलेलं बदललंत". तुमच्या केसमध्ये हेच महत्त्वाचं आहे, नीट लक्ष द्या. तुम्ही "मला कॅन्सल करायचंय" लिहिलंत की ते त्यांचा कॅन्सलेशनचा तक्ता पुढे करणार. हॉटेल त्यांनी बदललं, रात्र त्यांनी कमी केली. पहिलं आयटिनररी आणि आताचं, दोन्ही जोडा, फरक काय ते ओळीने लिहा, आठ-दहा दिवसांत उत्तर मागा. व्हाउचर घेऊ नका, "सर्व हिशोब पूर्ण" वगैरे लिहिलेल्या कशावरही सही नको. उत्तर नाहीच आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवतात. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. आमचे १९१५ नंतर काही पैसे आले, सगळे नाही. मी वकील नाही, तुमचा करार मी पाहिलेला नाही, तेव्हा ओळखीत कोणी असेल तर दाखवून घ्या.

आता उटी-कूर्ग. चार दिवसांत हे तिन्ही म्हणजे गाडीच्या खिडकीतून सहल. म्हैसूरहून उटी सव्वाशे किलोमीटर आणि वर घाट, बंडीपूरचा रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, त्यात मे २०२४ पासून निलगिरीत (उटीचा जिल्हा) बाहेरच्या गाड्यांना ई-पास लागतो. आणि उटीहून कूर्ग म्हणजे आणखी एक दिवस बूड हलवायचं नाही. लहान मुलं बरोबर असतील, त्यांना टॉय ट्रेन दाखवायची असेल तर वेगळं. पण दोघंच आहात, खायला निघालाय, तर म्हैसूरलाच राहा की. काहींना हे पटणार नाही माहितीये, "एवढ्या लांब जाऊन उटी नाही केलं?" म्हणणारे घरोघरी असतात.

हॉटेल घ्या ते देवराज मार्केट, सिटी बसस्टँड, के आर सर्कल याच्या आसपास चालत जाता येईल असं, स्विमिंग पूल नसला तरी चालेल. तिथला मोठा रस्ता सय्याजीराव रोड, हो, आपल्या बडोद्याच्या सयाजीरावांच्याच नावाचा. त्यावर गुरु स्वीट मार्ट आहे, म्हैसूरपाक ज्यांनी राजवाड्याच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा केला म्हणतात त्या काकासुर मादप्पांच्या घराण्याचं दुकान. दुकान म्हणजे टपरीएवढं, बघून निराश होऊ नका. तिथला पाक तुपाने ओथंबलेला असतो, आपल्याकडे मिळतो तसा जाळीदार, दाताला लागणारा नाही. यांना अजूनही जाळीचाच आवडतो, यावर आमच्याकडे वाद होतात. थोडाच घ्या, गरम हवेत तूप सुटतं आणि बॅगेतली साडी खराब होते.

डोसा नजरबादला, मायलारीचा. त्या नावाची एकाहून जास्त हॉटेलं आहेत आणि प्रत्येकाच्या मते ओरिजिनल आपणच, मी त्या भांडणात पडत नाही. मऊ, लुसलुशीत डोसा, आत बटाट्याच्या भाजीऐवजी कांद्याचा सागू म्हणजे पातळसर भाजी, वर लोण्याचा गोळा. आपल्या गाडीवरच्या बीट, चीज घातलेल्या लाल "म्हैसूर मसाला"ची अपेक्षा ठेवून गेलात तर वैतागाल. सकाळी लवकर जा, एकावर थांबता येत नाही. इतरत्र कुठेही चौचौ भात मागवा, एका बशीत खारा भात म्हणजे उपमा आणि केसरी भात म्हणजे शिरा, आणि कॉफी "बाय टू" सांगितलीत की एकाची दोघांत वाटून देतात, नवरा-बायकोसाठी याहून स्वस्त रोमान्स नाही. नॉनव्हेज खात असाल तर हनुमंतू हॉटेलचा मटण पुलाव, आणि कुठेतरी रागी मुद्दे (नाचणीचा उकडलेला गोळा) नाटी कोळी सारूबरोबर, म्हणजे गावठी कोंबडीच्या रश्शाबरोबर, नक्की. मुद्दे चावायचं नसतं, सारूत बुडवून गिळायचं, पहिल्यांदा जमत नाही, शेजारच्या टेबलावरचे हसतात, हसू द्या. मार्केटमध्ये नंजनगूडची रसबाळे केळी दिसली तर लगेच घ्या, सगळीकडे दिसत नाहीत. आणि बायकोला मल्लिगेचा गजरा, हातावर मोजून देतात.

पॅलेस आतून बघायचा तर दहाला उघडताच जा, चपला बाहेर ठेवाव्या लागतात, उन्हात अंगणातली फरशी पाय भाजते म्हणून मोजे घालून जा (ही टीप नणंदेची). जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये घरच्याच लग्नात जळाला, मग हेन्री आयर्विनने हा बांधला, १९१२ ला पुरा झाला. कल्याणमंडपातले ते लोखंडी खांब ग्लासगोहून आणलेत, वर मोरांची रंगीत काच, तिथे गाईडच्या घाईला भीक घालू नका. जगनमोहन पॅलेसची आर्ट गॅलरी पॅकेजवाले गाळतात. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेतच, पण मराठी माणसाने जायचं ते हळदणकरांच्या चित्रासाठी, हातात समई घेतलेली बाई, उजेड तिच्या बोटांतून झिरपतोय. सावंतवाडीकडचे सा. ल. हळदणकर, मॉडेल त्यांचीच मुलगी, आणि जलरंगात केलंय हे. आमच्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ बायकोला "हे रविवर्म्याचं" म्हणून समजावत होते, यांनी तिथेच दुरुस्ती केली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जायच्या आधी गॅलरी उघडी आहे ना याची खात्री करून घ्या, डागडुजीसाठी बंद ठेवतात कधीकधी.

चामुंडी टेकडीवर वरपर्यंत बस किंवा ऑटोने जा आणि पायऱ्या उतरा, हजारावर आहेत, पण वरून तीनेकशे उतरलात की तो प्रचंड एकसंध नंदी लागतो. गुडघे धड असतील तर पुढेही उतरा, नाहीतर नंदीपर्यंत रस्ता आहे, ऑटो मिळते. ऑटोवाल्याने "सिल्क फॅक्टरी दाखवतो, पैसे नको" म्हटलं की समजा कमिशन. खरं म्हैसूर सिल्क हवं असेल तर केएसआयसी म्हणजे कर्नाटक सरकारच्या सिल्क महामंडळाचं दुकान, मानंदवाडी रोडला फॅक्टरीला लागूनच आहे, साडीवर होलोग्राम आणि नंबर असतो. महाग आहे, हल्ली मागणी इतकी की हवा तो रंग मिळेलच असं नाही, पण एम्पोरियममधल्या चहापेक्षा स्वस्तच पडतं शेवटी.

एक दिवस गाडी करून सोमनाथपूर आणि श्रीरंगपट्टण करा. सोमनाथपूरचं केशव मंदिर तेराव्या शतकातलं, होयसळ राजांच्या काळचं, बेलूर-हळेबीडबरोबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं आणि तरी तिथे गर्दी नसते. पस्तीस-चाळीस किलोमीटर. सकाळचं ऊन तिरपं असताना जा, भिंतीवरची हत्तींची रांग तेव्हाच नीट दिसते. येताना श्रीरंगपट्टणला दरिया दौलत बाग, टिपूचा उन्हाळी महाल, भिंतीवर १७८० च्या पोलिलूरच्या लढाईचं चित्र, इंग्रज चौकोन करून बसलेत आणि चहूकडून घोडेस्वार. टिपूविरुद्धच्या १७९०-९२ च्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूने होत्या, हे मात्र तिथला गाईड सांगत नाही, आम्ही सांगलीचे म्हणून आमच्या यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वृंदावन गार्डन? माझं मत आता निष्पक्ष राहिलेलं नाही. एखाद्या साध्या वारी संध्याकाळी जा, रविवारी मात्र नको.

जायला पुण्याहून दादर-म्हैसूर शरावती किंवा अजमेर-म्हैसूर, दोन्ही पुणे-मिरजवरून जातात पण रोज नाहीत, त्यामुळे तारीख गाडी बघून ठरवा, मग हॉटेल. विमानाने बंगळूर केलंत तर पुढे टॅक्सीऐवजी ट्रेन घ्या. एक्सप्रेसवे मस्त आहे, पण तो मद्दूर गावाला वळसा घालून जातो आणि मद्दूर वड्याची खरी मजा ट्रेनमध्ये कागदात गुंडाळलेला येतो त्यातच. परतीचं रिझर्वेशन सोमवारनंतरचं ठेवा, म्हणजे रविवारची संध्याकाळ पॅलेससमोर मोकळी राहील, साडेसहालाच जाऊन उभे राहा. आणि ऑफिसवाले ईमेलला काय उत्तर देतात ते इथे टाका, त्यांच्या उत्तरातलं वाक्यन् वाक्य मुलाकडे साठवलेलं आहे, जुळतंय का बघू.