ऑफिस बीकेसीत, मामेभावाचा फ्लॅट घोडबंदरला रिकामा. बायको-मुलीला घेऊन तिथेच राहावं का?

प्रश्नात तुम्ही सगळं लिहिलंय. नागपूरहून जूनमध्ये येणार, ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), भाड्याचं बजेट ४५ हजार, आणि मामेभाऊ त्याचा ठाण्यातला घोडबंदर रोडचा दोन बेडरूमचा फ्लॅट 'नुसत्या मेन्टेनन्सवर' द्यायला तयार आहे. बायको आणि चार वर्षांच्या मुलीबद्दल मात्र एकच ओळ: 'फॅमिलीला सेफ वाटलं पाहिजे.'

मी इथे एरवी फक्त वाचायला येते. पण घोडबंदर, नातेवाइकाचा फ्लॅट आणि नुसतं मेन्टेनन्स हे तिन्ही एका दमात वाचलं आणि राहवलं नाही.

आम्ही २०१६ च्या जूनमध्ये सांगलीहून आलो. नवऱ्याचं ऑफिस बीकेसीतच, मुलगी साडेतीन वर्षांची. मोठे दीर पुण्यात असतात. त्यांनी गुंतवणूक म्हणून घोडबंदरला फ्लॅट घेऊन ठेवला होता. एकोणिसावा मजला, एका खिडकीतून येऊरचा डोंगर, दुसरीतून लांबवर खाडी. खाली स्विमिंग पूल, जिम, क्लब हाऊस. भाऊजी म्हणाले, "सख्ख्या भावाकडून भाडं कसलं घ्यायचं, मेन्टेनन्स भरा म्हणजे झालं." आणि वर, "दोन-तीन वर्षांत मेट्रो येतेच आहे." (मेट्रोचे खांब पुढे कित्येक वर्षं नुसते उभे होते.) पहिले पंधरा दिवस मी बाल्कनीतून पावसाचे व्हिडिओ काढून आईला पाठवत होते, हेही कबूल करते.

मग रोजचं सुरू झालं. नवरा सव्वासातला बाहेर पडायचा. टीएमटीची (ठाणे पालिकेची) बस नाहीतर शेअर रिक्षा. ठाणे स्टेशन गाठायला एखाद्या दिवशी चाळीस मिनिटं, एखाद्या दिवशी सव्वा तास, कारण न्हावाशेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर त्याच रस्त्याने. मानपाड्याला एक कंटेनर बंद पडला की कापूरबावडीपर्यंत सगळं ठप्प. पुढे फास्ट लोकलने कुर्ला फक्त पंचवीस मिनिटं, मग कुर्ला पश्चिमेला बीकेसीच्या शेअर रिक्षाची रांग. जायला दोन तास, यायला दोन. रात्री पावणेदहाला दार वाजायचं तोवर लेक झोपलेली असायची. दिवसभरात काढलेलं चित्र ती त्याच्या बुटात ठेवून झोपायची, म्हणजे सकाळी निघताना त्याला दिसेल. आठवड्यातून दोनदा तरी तो ते न बघता पाय घालायचा.

आणि मी एकोणिसाव्या मजल्यावर. कोथिंबिरीची जुडी हवी असली तरी लिफ्ट, पार्किंग, गेट, सर्व्हिस रोड, रिक्षा. प्ले एरिया होता, खाली रबराची फरशीसुद्धा होती. मुलं साडेपाचला सांभाळणाऱ्या मावश्यांबरोबर यायची आणि साडेसहाला क्लासला जायची. बॉल आणायला बंदी होती.

२९ ऑगस्ट २०१७. मुंबईकरांना ही तारीख सांगावी लागत नाही, तुम्हाला सांगते: गणपतीचे दिवस, मंगळवार, दुपारपर्यंत लोकल बंद, शहर पाण्यात. लेकीला आदल्या रात्रीपासून ताप. नवरा सकाळी गेला होता, तेव्हा पाऊस साधाच वाटत होता. दीडच्या सुमारास लाइट गेली. जनरेटरवर एक लिफ्ट चालायची, तीही थोड्या वेळाने बंद पडली. ताप १०३. डॉक्टर फोनवर म्हणाले, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा, उतरला नाही तर घेऊन या. घेऊन कशी जाणार? एकोणीस मजले खांद्यावर टाकून उतरेनही, पण खाली रिक्षा नाही.

मजल्यावर चार दारं. सव्वा वर्ष झालं होतं आणि त्या घरांतल्या माणसांची नावं मला फक्त पार्सलवरून माहीत होती. एकाला कुलूप. एकीच्या कामवालीने सांगितलं, मॅडम ऑफिसला. तिसरं दार उघडलंच नाही. शेवटी मोबाइलवरून गेटला फोन लावला. वॉचमनने शांतपणे रजिस्टर उघडलं आणि म्हणाला, "मॅडम, इमर्जन्सी में दोनों नंबर साहब के ही लिखे हैं. किसको फोन करूँ?"

आल्या दिवशी तो फॉर्म मीच भरला होता. 'पतीव्यतिरिक्त मुंबईतील संपर्क' या रकान्यात काय लिहावं सुचलं नाही, म्हणून नवऱ्याचाच दुसरा नंबर टाकला होता.

साडेचारला ताप उतरला. नवरा रात्रभर ऑफिसात अडकला, सकाळी आला. काही झालं नाही. आणि काही झालं नाही म्हणूनच हा किस्सा मी कुठेही सांगितला की हरते. तिसऱ्या दारातली बाई दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटली, म्हणाली, "अरे, बेल क्यों नहीं बजाई?" बजाई थी. ती एसी लावून झोपली होती. वाईट नव्हती हो बिचारी. तीही भाड्याने, इंदूरहून आलेली, तिच्याही फॉर्मात नवऱ्याचेच दोन नंबर असणार.

दिवाळीला पुण्यात मी घर सोडायचं म्हटलं. भाऊजी म्हणाले, "एक दिवस पाऊस पडला म्हणून कोणी घर सोडतं का?" मुलुंडला २४ हजार भाडं म्हटल्यावर त्यांनी फराळाच्या ताटांसमोर मोबाइलवर हिशेब केला, वर्षाचे २ लाख ८८ हजार, आणि मोबाइल सगळ्यांना फिरवून दाखवला. "दोन बेडरूम सोडून एक बेडरूममध्ये, तेही पैसे मोजून." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण चिवडा वाढताना मला वगळलं. तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, ते आता देते. मुलुंडहून नवऱ्याचे रोजचे दोन तास वाचतात. कामाचे २५ दिवस धरले तर महिन्याला ५० तास. २४ हजार भागिले ५०, तासाला ४८० रुपये. त्या पैशात लेकीला जागेपणी बाप मिळाला. महाग वाटत असेल तर वाटो.

जागा मी शोधली, नवऱ्याने नाही. तीन आठवडे लेकीला घेऊन दुपारी निघायचे आणि एकेका स्टेशनला उतरायचे. भांडुप, विक्रोळीचं कन्नमवार नगर, ठाण्याचं नौपाडा, हार्बर लाइनवर चेंबूर. फ्लॅट बघण्याआधी संध्याकाळी पाच वाजता रस्ता बघायचा. मुलं जमिनीवर खेळताना दिसतात का. बाकावर म्हाताऱ्या बसल्यात का. वाण्याकडे एखादं दहा वर्षांचं पोर एकटं सामान घ्यायला येतं का, आणि वाणी त्याला हिशेबाने सुटे परत देतो का. हे सगळं शनिवार-रविवारी कळत नाही, सुट्टीला सगळाच एरिया गोकुळ दिसतो.

मुलुंड पूर्वेला नवघर रोडच्या एका गल्लीत एजंट आम्हाला आत नेत होता, तोच दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून आजी म्हणाल्या, "कुणाकडे? दुसऱ्या मजल्यावरची जागा का? पाणी सकाळी सहा ते साडेसातच येतं हो, हा सांगायचा नाही तुम्हाला." एजंटचं तोंड बघण्यासारखं झालं. मी तिथेच ठरवलं. नवरा म्हणाला, निदान बाथरूम तरी बघ.

आता तुमच्या प्रश्नाकडे.

मध्य रेल्वेवर मुलुंड पूर्व, घाटकोपर, हार्बरवर चेंबूर-टिळकनगर, हे तिन्ही कुर्ल्यामार्गे बीकेसीला ठीक पडतात. मुलुंडहून स्लो लोकलने कुर्ला वीस-पंचवीस मिनिटं. चेंबूर कुर्ल्यापासून दोन स्टेशनांवर, पण तिथे तुमच्या बजेटमध्ये दोन बेडरूमची आशा ठेवू नका, जुन्या इमारतीत मिळाली तर नशीब. विलेपार्ले पूर्व सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं, पुढे बोलू नये. आणि हो, ऑक्टोबर २०२४ पासून आरे ते बीकेसी भुयारी मेट्रो सुरू झाली आहे, त्यामुळे मरोळ, सीप्झकडचा अंधेरी पूर्वेचा भाग आता तुमच्यासाठी जवळ आला. तिकडे मी राहिले नाही, पण आज नव्याने येत असते तर आधी तिकडे जाऊन आले असते, पाच वाजता.

शाळा आधी, घर नंतर. बहुतेक शाळांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीतच निघून जातात. तुम्ही जूनमध्ये येऊन ज्युनिअर केजी शोधणार म्हणजे जिथे जागा उरलीय तिथे. आत्ताच फोन सुरू करा. वय ३१ डिसेंबर धरून मोजतात, तेवढं बघून ठेवा. शाळा पायी जाण्यासारखी हवी. सकाळी साडेसहाला बसमध्ये डुलक्या घेणारी पोरं रोज बघते मी. आमची लेक सेमी इंग्रजीच्या मराठी शाळेत गेली, पायी नऊ मिनिटं. त्यावरही भाऊजींचं एक व्याख्यान झालं होतं, ते इथे नको.

पहिल्या वर्षी काहीही विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा) करार करा, तो रजिस्टर झालाच पाहिजे, 'नंतर बघू' म्हणणाऱ्या मालकाकडे जाऊ नका. एजंट एक महिन्याचं भाडं घेतो. सोसायटीला नॉनव्हेजचं वावडं आहे का हे टोकन देण्याआधी विचारा, नागपूरचे आहात म्हणून सांगते, सावजीचा वास लपत नाही. आणि वॉचमनला विचारा, २९ ऑगस्टला इथे पाणी कुठवर आलं होतं. मालक खोटं बोलेल, वॉचमन हाताने गुडघा दाखवेल.

'सेफ'चं म्हणाल तर मुंबईत बाई रात्री अकराला लोकलमधून एकटी येते, मीही येते. मला भीती रात्रीच्या रस्त्याची कधी वाटली नाही. दुपारी दीडला बंद दारांची वाटली.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर भाऊजींनी हे वाचलं तर म्हणतील अर्धंच लिहिलं. आम्ही आलो तेव्हा मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड चालू होतं. वारा फिरला की संध्याकाळी खिडक्या लावून बसायचो. ऑक्टोबर २०१८ ला नवा कचरा टाकणं थांबलं. पाणी खरंच सहा ते साडेसात. लिफ्ट नाही. तीन माणसं एका बेडरूममध्ये, लेक आता मोठी झाली, तिला दार लावून बसायचं असतं आणि लावायला दार नाही. आणि त्या आजी! आमच्याकडे पाहुणा कोण आला, किती दिवस राहिला, नवरा-बायकोत मंगळवारी कशावरून वाजलं, सगळं त्यांना ठाऊक. तुमच्या घरच्या वहिनींना हे सोसणार नसेल तर टॉवरच बरा, खरंच. काही जणींना दार लावलं की कुणी विचारू नये असंच हवं असतं, त्यात चूक काही नाही. ठाण्यालाही नावं ठेवत नाही मी. नौपाडा मला फार आवडलं होतं, फक्त जागा मिळाली नाही. वडाळा-कासारवडवली मेट्रो पूर्ण धावू लागली की घोडबंदरचंही गणित वेगळं होईल. पण तुमची मुलगी चार वर्षांची आत्ता आहे.

मामेभावाला नाही कसं म्हणायचं, हा तुमचा खरा प्रश्न असावा. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्याकडे अजून गौरीला त्यावरून टोमणा येतो.

त्यात आता आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेलीय. आमच्या गल्लीतल्या निम्म्या गेल्या. आम्ही भाडेकरू, दोन महिन्यांची मुदत. नव्या टॉवरच्या नकाशात पोडियम, जिम आणि स्विमिंग पूल आहे. आजी दोन वर्षांसाठी लेकाकडे बदलापूरला चालल्या आहेत आणि रोज मला विचारतात, जागा मिळाली का. मी याच दोन गल्ल्यांत शोधतेय.

परवा भाऊजींचा फोन आला होता. घोडबंदरचा भाडेकरू सोडून गेला म्हणे. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि पाणी भरायला गेले.