पाहुणी मांजरं (कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळलेली): वाचकांचे प्रश्न

पार्किंगमध्ये डोळे न उघडलेली तीन पिल्लं सापडली. आई दिसली नाही म्हणून घरी आणली. ड्रॉपरने गाईचं दूध पाणी घालून देतेय, पण जुलाब सुरू झालेत. (कोथरूड, पुणे)

आधी ते दूध थांबवा. गाईच्या दुधातली साखर पिल्लांना पचत नाही आणि पाणी घातलं की उरलंसुरलं पोषणही जातं. पेट शॉपमध्ये मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती डब्यावरच्या मापाने कोमट पाण्यात कालवा. आणि पिल्लं आजच डॉक्टरांना दाखवा. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी संपायला काही तास पुरतात.

पिल्लू हाताला गार लागत असेल तर भरवायचं नाही. आधी ऊब, मग दूध. गार पोटात दूध पचतच नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला ठेवा. दुसरी कडा मोकळी हवी, म्हणजे उकडलं की पिल्लं आपली आपण सरकतात. पाजताना पिल्लू पालथं हवं, आईला लुचताना असतं तसं. आपण सवयीने तान्ह्या बाळासारखं उताणं धरतो आणि दूध फुप्फुसात जातं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा. आई चाटते तेव्हाच त्यांना शू-शी होते, तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे काम तुमचं.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा यासाठी राखून ठेवा. जन्मतः पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं आणि रोज 10 ते 15 ग्रॅम वाढतं. वजन घटलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका.

आता आईचं. भाटी खाणं शोधायला जाते, नाहीतर पिल्लं एकेक करून दुसरीकडे हलवत असते. पोटं भरलेली, अंग स्वच्छ आणि झोप गाढ असेल तर आई जवळपासच आहे असं समजावं. वॉचमनला विचारा, एखादी मांजर ओरडत फिरतेय का. सापडली तर पिल्लं तिला परत द्या. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, हे खरं नाही. पिल्लं खायला लागली की तिची नसबंदी करून घ्या. अंगावर पाजतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते.

आमचा वन बीएचके आहे, घरची एक सहा वर्षांची मांजर आहे. पाहुणं पिल्लू वेगळं ठेवायचं कुठे? (डोंबिवली)

बाथरूममध्ये. चेष्टा नाही, पिल्लाला ती जागा पुरते आणि धुवायला सोपी पडते. एकच बाथरूम असेल तर मोठा पिंजरा बेडरूममध्ये ठेवा आणि दार बंद. निदान दोन आठवडे. भांडी वेगळी, लिटरचा (शू-शीच्या वाळूचा) ट्रे वेगळा, आणि पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय घरच्या मांजरीला लावायचा नाही. ‘दोघं किती गोड खेळतात’ हा व्हिडिओ पहिल्याच दिवशी आला की माझ्या पोटात गोळा येतो.

कारण पॅनल्युकोपेनिया, मांजरांचा विषाणूजन्य आजार. उलट्या, जुलाब, पिल्लू एकदम मलूल, आणि लस न झालेली पिल्लं भराभर दगावतात. हा विषाणू फरशीवर, कपड्यांवर वर्षभरही टिकू शकतो. म्हणून घरच्या मांजरीचं लसीकरण पूर्ण असल्याशिवाय पाहुणा आणूच नका. पिल्लालाही सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस.

आणि फिनाईल! काळं असो वा पांढरं, मांजराच्या घरात नको. मांजराचं यकृत फिनॉलसारखी रसायनं नीट निकामी करू शकत नाही. पुसलेल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं आणि विष पोटात. बरं, तो विषाणू साध्या फिनाईलला दादही देत नाही. 1 भाग ब्लीचला 32 भाग पाणी घ्या, दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने धुऊन वाळवा. तोवर मांजर बाहेर.

पिल्लू शिंकतंय, अंग गरम लागतंय. मुलांचं पॅरासिटामॉल सिरप थोडंसं दिलं तर? (सांगली)

नाही. मांजराला ते मारक आहे, ‘थोडंसं’सुद्धा. शिवाय मांजराचं अंग आपल्या हाताला एरवीही गरमच लागतं.

सून गरोदर आहे. आणलेलं मांजर परत द्यावं का? (कोल्हापूर)

परत द्यायची गरज नाही, फक्त सुनेने लिटरला हात लावू नये. टोक्सोप्लाझ्मा या गर्भाला अपायकारक परजीवीची बीजं मांजराच्या विष्ठेतून पडल्यावर संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे ट्रे रोज दुसऱ्या कुणीतरी साफ करावा. चिरंजीवांना सांगा. कच्चं-अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुतलेल्या भाज्या, त्याचीही तितकीच काळजी घ्या. सुनेच्या डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा.

मोठी भाटी आणली, दहा दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. हात घातला तर फिस्कारते. (नाशिक)

मग हात घालू नका. पलंगाखालची जागा खोके लावून बंद करा आणि तिला एका कडेने कापलेलं एकच खोकं द्या, लपायला. रोज ठरल्या वेळी खाणं ठेवायचं आणि तिथेच जमिनीवर बसून आपलं मोबाईल-पेपर काय ते करायचं, तिच्याकडे टक लावून न बघता. रात्री खाते, ट्रे वापरते ना? मग घाई नको. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर मात्र दवाखाना. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी जा.

दत्तक मागणारे फोन येतायत. एकाला गोदामातल्या उंदरांसाठी हवंय. निवडायचं कसं? आणि मुलं रडतायत. (मुलुंड)

गोदामवाल्यांना नम्रपणे नाही म्हणा. दोन महिन्यांचं पिल्लू उंदीर मारणार नाही, आणि तिथे उंदरांचं औषध टाकलेलं असण्याची शक्यता दाट. बाकीच्यांना मी तीनच गोष्टी विचारते: खिडक्यांना जाळी आहे का, घरातल्या सगळ्यांना मांजर हवंय का, गावाला गेलात तर बघणार कोण. जाळी ‘लावू’ म्हणाले तर लावल्यावर या म्हणावं. सातव्या मजल्यावरून मांजरं खरंच पडतात. पिल्लू तुम्हीच त्यांच्या घरी नेऊन द्या. घर पाहणंही होतं.

मुलांना पहिल्याच दिवशी ‘हे पाहुणं आहे’ सांगायला हवं होतं, ते आता सांगा. ठेवून घ्यायचा मोह होईलच. ठेवा की, पण मग तुमच्या घरातली पुढच्या पिल्लाची जागा संपली, हे हिशेबात धरून. काळं पिल्लू मागे राहील, अजूनही लोक ‘आडवं गेलं’ म्हणतात. त्याचा फोटो खिडकीच्या उजेडात, फिकट चादरीवर काढा. ट्यूबलाइटखाली नुसता काळा गोळा दिसतो.

देताना लसीचं कार्ड आणि आठवडाभर पुरेल एवढं सध्याचंच खाणं द्या. नसबंदीची तारीख फॉर्मवर लिहून घ्या, कारण भाटी चार महिन्यांतही गाभण राहू शकते. त्या तारखेला फोन करा. उचलला नाही तर संध्याकाळी परत करा.