एकवीस किलो रद्दी आणि 74 पर्सेंटाइल

प्रश्न : मुलगा बारावी सायन्स झाला. 61 टक्के, सीईटीला 74 पर्सेंटाइल. रिपीटर बॅचचा पहिला हप्ता भरला आहे. पण हा रात्री बारापर्यंत लिनक्सवाल्या परदेशी लोकांशी गप्पा मारत बसतो. एक जर्मनीतला निवृत्त इलेक्ट्रिशियन, एक ब्राझीलचा शिक्षक, एक ग्रीसचा कोणीतरी. विषय काय, तर जुनी मासिकं, कुठलं डिस्ट्रो चांगलं आणि तुमच्याकडे लाइट किती वेळा जाते! रागाच्या भरात त्याची मासिकं आणि सीड्या मी परवा रद्दीत दिल्या, एकवीस किलो भरली. तेव्हापासून बोलत नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूत करिअर कसलं? एका क्लासवाल्याने लिनक्सचं सर्टिफिकेट, शंभर टक्के नोकरी आणि पुढे जर्मनी असं 85 हजारांचं पॅकेज सांगितलंय. त्याचं हे वेड सोडवायचं कसं?
– एक वडील, कराड

उत्तर :

महोदय, 74 पर्सेंटाइल तुम्ही एका ओळीत संपवलेत आणि रद्दीही एका ओळीत. मला दुसरी ओळ जास्त खटकली. सीईटीचे मार्क पुढच्या वर्षी बदलू शकतात. घरात आपल्या वस्तूंना विचारतं कोण, हे अठराव्या वर्षी कळलं की माणूस ते सहसा विसरत नाही. वेड सोडवायचं कसं, असं तुम्ही विचारलंत. मला पत्रात वेड दिसलं नाही. दिसला तो न विचारता भरलेला क्लासचा हप्ता, न विचारता विकलेली मासिकं, आणि आता न विचारता घेऊ घातलेलं 85 हजारांचं पॅकेज.

त्या गठ्ठ्यात काय होतं ते आधी सांगतो. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी संगणक चालवणारी प्रणाली, आणि वेगवेगळ्या लोकांनी जुळवून दिलेला तिचा एकेक संच म्हणजे डिस्ट्रो. छप्पन केबीपीएसच्या मोडेमवर 700 एमबीची एक सीडी उतरवायला पूर्ण वेग मिळाला तरी 28 तास लागत, आणि पूर्ण वेग कधी मिळत नसे. म्हणून जगभर लिनक्स पोचलं ते बरंचसं मासिकांच्या मुखपृष्ठाला चिकटवलेल्या सीडीवरून. अमेरिकेत ‘लिनक्स जर्नल’ 1994 मध्ये सुरू झालं आणि 2011 मध्ये त्याची कागदी आवृत्ती थांबली. ब्रिटनमधलं ‘लिनक्स फॉरमॅट’ 2000 पासून पंचवीस वर्षं चाललं. आपल्याकडे ‘लिनक्स फॉर यू’ 2003 मध्ये आलं, 2012 मध्ये त्याचं नाव बदललं. उबुंटू या डिस्ट्रोवाले तर 2005 ते 2011 या काळात सीड्या जगभर फुकट टपालाने पाठवत. तुमच्या मुलाच्या लहानपणीच हा काळ मावळत आला होता. म्हणजे हे अंक त्याने जुन्या बाजारात हिंडून जमवले असणार. 2008 ची सीडी आजच्या मशीनमध्ये घातली तर लिनक्स बसतंही कदाचित, पण पहिलं सॉफ्टवेअर मागवलं की ‘सापडलं नाही’ असा संदेश येतो, कारण त्या आवृत्तीचं इंटरनेटवरचं सॉफ्टवेअरचं भांडार कधीच जुन्या दप्तरखान्यात हलवलेलं असतं. तो पत्ता शोधून सेटिंगमध्ये बदलणं हा अभ्यासच आहे, फक्त त्याला हजेरीपट नाही.

आता रात्रीच्या बाराचं. उन्हाळ्यात आपल्याकडे साडेअकरा वाजतात तेव्हा जर्मनीत संध्याकाळचे आठ आणि ब्राझीलमध्ये दुपारचे तीन वाजलेले असतात. ती माणसं आपापली कामं उरकून तेव्हाच मोकळी होतात. हे व्यसनाचं नाही, घड्याळाचं प्रकरण आहे. आठवड्यातून दोन रात्री ठरवून द्या. बाकीच्या दिवशी त्याने प्रश्न लिहून ठेवून झोपावं, उत्तर सकाळी मिळतं. अनोळखी माणसांची तुमची काळजी मात्र रास्त आहे. पत्ता, आधार, पैसे यातलं काहीही द्यायचं नाही आणि कोणी पाठवलेली आज्ञा न वाचता रूट म्हणून, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार घेऊन, चालवायची नाही, एवढं बजावा. दुसरी गोष्ट त्याला बहुधा तुमच्याआधी माहीत असेल.

आणि लाइट किती वेळा जाते, हा प्रश्न तुम्हाला रिकामटेकडा वाटला. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपची वीज मध्येच गेली तर लिनक्सची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची मांडणी, आपल्या नोंदवहीवरून पुन्हा उभी राहते. घाव खोल असेल तर मशीन काळ्या पडद्यावर थांबतं आणि एफएससीके हे डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन हाताने चालवावं लागतं. ज्याच्या गावात वीज जात नाही त्याला हे फक्त वाचून माहीत असतं. या डिस्ट्रोंमध्ये देश असा मुरलेला आहे. सुसे जर्मनीतल्या न्यूर्नबर्गचं. ब्राझीलच्या कुरितिबा शहरात कोनेक्तिवा होतं. तिथे तयार झालेलं सिनॅप्टिक हे सॉफ्टवेअर बसवायचं साधन पुढे डेबियन या डिस्ट्रोवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरलं. जुन्या, थकलेल्या मशीनवर चालणारं अँटिएक्स ग्रीसमधलं. तुर्की भाषेत ठिपक्याचा आणि बिनठिपक्याचा असे दोन ‘आय’ आहेत, त्यामुळे मोठं अक्षर छोटं करताना कित्येक प्रोग्रॅम फक्त तुर्कस्तानातच कोसळत. आपलंही असंच एक दुखणं आहे : दर्या आणि दऱ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. दऱ्यांमधला तो आडवा रफार उमटायला साधा र चालत नाही, ऱ आणि हलन्त लागतो. फॉन्ट किंवा अक्षरं जुळवणारा प्रोग्रॅम इथे चुकला की दऱ्यांचा समुद्र होतो. हे दुखणं कुरितिबातल्या शिक्षकाला दिसणार नाही, कराडच्या मुलाला दिसेल. त्याने ते नीट लिहून कळवलं – आवृत्ती कोणती, काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं – तर ते नाव-तारखेसकट जाहीर नोंदीत राहतं आणि मुलाखतीत दाखवता येतं. लिब्रऑफिस या फुकट ऑफिस-सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरातही हात घालता येतो. तिथली नेहमीची चूक एकच : मूळ वाक्यात टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारी खूण असते, तिच्या जागी प्रोग्रॅम नाव किंवा आकडा भरतो; ती भाषांतरात गाळली तर फाइल नापास होते किंवा त्या जागी प्रोग्रॅम गडबडतो.

‘फुकट मिळतं त्यात पैसा कसला’ हा तुमचा समज आता मोडायला हवा, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. फुकट आहे ती प्रत. ती चालती ठेवणं फुकट नाही. रेड हॅट ही लिनक्सवाली कंपनी हेच विकते : एका आवृत्तीला दहा वर्षं दुरुस्त्या, आणि अडलं तर फोन उचलणारा माणूस. ही कंपनी आयबीएमने 2019 मध्ये 34 अब्ज डॉलरना घेतली. पुण्यातही तिचं कार्यालय आहे. जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीत 2017 च्या नोव्हेंबरपासून एकूण एक लिनक्सवर आहेत, आणि तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या पोटातही लिनक्सच आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर बसला की जो उठून तो उभा करतो, पगार त्याला मिळतो. त्या मशीनवरच्या सॉफ्टवेअरला किती पैसे पडले, हे तेव्हा कोणी विचारत नाही.

आता चिरंजिवांशी दोन शब्द, आणि ते गोड नाहीत. वीस डिस्ट्रो बसवून पाहणं म्हणजे लिनक्स येणं नव्हे. बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. वॉलपेपर आणि आयकॉन बदलण्यात पुढचे चार दिवस जातात. बिघडलं की नवीन डिस्ट्रो टाकायचं, ही सवय नोकरीत एक दिवसही चालणार नाही, कारण तिथे मशीन पुसता येत नाही. विंडोजला नाक मुरडणंही सोडून दे. म्युनिक महापालिकेने 2013 पर्यंत जवळपास 15 हजार संगणक लिनक्सवर नेले आणि 2017 मध्ये माघारी फिरायचं ठरवलं. ज्या ऑफिसात काम करशील तिथे दोन्ही असणार, आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे ऑफिसातली खाती आणि परवानग्या सांभाळणारी विंडोजची व्यवस्था, कशाशी खातात हे ठाऊक असावं लागेल.

तीन महिने एकच डिस्ट्रो घे, डेबियन किंवा अल्मालिनक्स. लॅपटॉपात 8 जीबी रॅम असेल तर दोन आभासी मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारे संगणक, प्रत्येकी 2 जीबी रॅम आणि 20 जीबी डिस्क, खिडक्या-आयकॉनशिवाय, नुसत्या आज्ञांवर चालणारे. डिस्क जुनी, फिरणारी असेल तर आधी 256 जीबीची एसएसडी टाक, नाहीतर निम्मा वेळ वाट बघण्यात जाईल. पहिलं काम एसएसएचची किल्ली, म्हणजे दुसऱ्या मशीनवर पासवर्डशिवाय शिरायची डिजिटल किल्ली. इथे हमखास काय होतं? किल्ली बरोबर असते, तरी मशीन पासवर्डच मागत राहतं आणि मुलं नव्या किल्ल्या बनवत बसतात. दोष बहुतेकदा परवानग्यांचा : एसएसएचच्या फोल्डरला 700, आतल्या किल्ल्यांच्या फाइलला 600, म्हणजे मालकाशिवाय कोणाला हात लावता येत नाही. अडण्याचं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, लिहिलेलं असतं, आपल्या पडद्यावर नाही. पासवर्डने शिरणं बंद करशील तेव्हा एक जोडणी उघडी ठेव आणि दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतं का ते बघ. मग दुसरी डिस्क जोड. तिची नोंद एफस्टॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, करताना एसडीए-एसडीबी अशी नावं लिहू नकोस, ती बूट करताना अदलाबदल होऊ शकतात, यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिही. रीबूट करण्याआधी ‘माउंट हायफन ए’ चालवून त्या यादीतल्या डिस्क जोडल्या जातात का ते बघ. ही एक आज्ञा न चालवल्याने मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतात. त्यानंतर डिस्क मुद्दाम भर. एक आज्ञा सांगेल डिस्क शंभर टक्के भरली, दुसरी सांगेल फाइली तर निम्म्याही नाहीत. पुसलेली लॉग फाइल एखाद्या चालू प्रोग्रॅमने धरून ठेवलेली असते, तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की जागा सुटते. मुलाखतीत हे विचारतात. शेवटी बॅकअप : घेतला असं म्हणू नकोस, दुसऱ्या मशीनवर परत आणून दाखव. प्रत्येक बिघाडाची वहीत नोंद : तारीख, संदेश, पहिला अंदाज काय होता, तो का चुकला, खरं काय निघालं. चुकलेला अंदाज खोडायचा नाही.

महोदय, ते 85 हजारांचं पॅकेज घेऊ नका. आरएचसीएसए ही रेड हॅटची लिनक्स सर्टिफिकेटची परीक्षा चालू मशीनवर द्यायची असते, पर्याय निवडायचे नसतात. 300 पैकी 210 गुण लागतात आणि सर्टिफिकेट तीन वर्षंच चालतं. नापास होणारे ज्ञानाने कमी आणि रीबूटने जास्त होतात : फायरवॉलचा नियम कायमचा केलेला नसतो, मशीन पुन्हा सुरू झालं की उडतो, आणि त्याचे गुणही. सरावासाठी रेड हॅटच व्यक्तिगत वापराला 16 मशीनपर्यंत फुकट परवानगी देते. वही भरली की एक-दोन वर्षांनी नुसती परीक्षेची फी भरून तो बसेल. क्लासवाल्याला एवढंच विचारा : पॅकेजात परीक्षेची फी धरली आहे का, परीक्षेचा कोड कोणता, आणि शंभर टक्के नोकरी म्हणजे कुठल्या कंपनीत, किती पगारावर, हे लिहून देता का.

जर्मनीची तर गंमतच आहे. क्लासच्या सर्टिफिकेटवर तिथला व्हिसा होत नाही. शिकायला जायचं तर आपल्या बारावीवर तिथल्या विद्यापीठात सहसा थेट प्रवेश नाही, एपीएस या जर्मन दूतावासाच्या कार्यालयाची कागदपत्र-तपासणी लागते, आणि एका वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो अडकवून ठेवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. दुसरी वाट आउसबिल्डुंगची : कंपनीत काम आणि शाळा जोडीने, संगणक-यंत्रणेच्या कामासाठी तीन वर्षं, दर महिन्याला विद्यावेतन. त्यासाठी आधी कंपनीचा करार आणि साधारणपणे निदान बी-1 पातळीची जर्मन हवी. तिसरी वाट अनुभवाची : पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांत आयटीतलं तीन वर्षांचं वरच्या दर्जाचं काम आणि ठरलेल्या पगाराची नोकरी हातात असेल तर ब्लू कार्डचा, म्हणजे कुशल कामगारांना मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्याचा, विचार होतो. तिन्ही वाटांपैकी कशातही तुमचा क्लासवाला बसत नाही. उलट जर्मनीत इलेक्ट्रिशियन होतो तो बहुधा आउसबिल्डुंगच्या वाटेनेच. ती वाट आतून कशी असते हे सांगू शकणारा माणूस तुमच्या मुलाशी रोज बोलतो आहे, आणि तुम्ही एजंटला पैसे द्यायला निघालात.

प्रवेशाचं थोडक्यात : बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए. दुसऱ्याला वेगळी सीईटी असते, पहिल्याला कॉलेजागणिक गणिताची अट पाहा. इंजिनिअरिंग त्यालाच हवं असेल तर पुन्हा सीईटी द्यावी, पण हे त्याच्या तोंडून यायला हवं. तुम्ही विचारलंयत का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. त्याने नाही म्हटलं तर रिपीटर बॅच सुरू होण्याआधी लेखी अर्ज देऊन हप्ता परत मागा. सुरू झाल्यावर पैसे परत मिळवणं जास्त अवघड जातं.

आणि रद्दीवाल्याकडे आजच जा. तो माल लगेच पुढे पाठवत नाही, गाडी भरेपर्यंत गोदामात साठवतो. मुलाला बरोबर न्या, कुठला गठ्ठा आपला ते तोच ओळखेल. मिळाले त्यापेक्षा किलोमागे चार रुपये जास्त पडतील, घासाघीस करू नका.