कायद्याच्या पदवीनंतर लगेच आंतरराष्ट्रीय मानवाधिकार फेलोशिप मिळते का?

मिळते, पण जागा अगदी मोजक्या असतात. पुण्यात एलएलबी झालेल्यांनी ह्यूमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संस्थेच्या वर्षभराच्या फेलोशिपवर लक्ष ठेवावं. ती नुकतीच कायद्याची किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी असते. काम मुख्यतः संशोधनाचं: साक्षी नोंदवणं, त्या पडताळणं, अहवाल लिहिणं. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला मात्र २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षं थांबावं लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. त्यांचं मानवाधिकार कार्यालय जिनिव्हात आहे; तिथला खर्च घरच्यांना पेलणार नसेल तर त्यामागे लागू नका, हे मी मनापासून सांगतोय.

माझ्या मते खरी तयारी इथेच होते. शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पॅरालीगल स्वयंसेवक म्हणून काम मिळतं का, ते विचारा. येरवड्यातल्या कच्च्या कैद्यांच्या जामिनाच्या प्रश्नावर नीट अभ्यास करून दहा पानं इंग्रजीत लिहा. अशा अर्जांत लेखनाचा नमुना बहुधा मागतातच, आणि प्रत्यक्ष कामातून आलेलं लेखन लगेच ओळखू येतं. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना निदान महिनाभर आधी सांगा.