माफ करता येत नाही, मग माझी भक्ती खोटी का?

फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. कुणाला भावानं वाटणीत फसवलेलं असतं, कुणाचा सासरी छळ झालेला असतो. आणि प्रत्येकाला कुणीतरी बजावलेलं असतं की माफ केल्याशिवाय मन शांत होत नाही, देवही पावत नाही. पूर्वी मीही साधारण हेच सांगायचे. तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले आणि माझं उत्तर बदललं. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मी त्यांना जावईबापूच म्हणते, कारण त्यांना घेऊन आल्या त्या सासूबाई. मूळचे रवांडाचे. पुण्यात शिकायला आले, वर्गातल्या फोंड्याच्या मुलीशी लग्न केलं आणि इथलेच झाले. मराठी अस्सल पुणेरी. फक्त 'र' आणि 'ल' कधीकधी एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. सासूबाईंचं गाऱ्हाणं असं, की जावई आरतीला उभे राहतात, टाळही धरतात, पण कुळागरात नारळ पाडायला पाडेली आला की न्हाणीत जाऊन आतून कडी लावतात. आणि चर्चची घंटा वाजली की घामाघूम.

दुसऱ्याच भेटीत मी त्यांना कागद पुढे करून म्हटलं, "ज्यानं दुखावलं त्याला क्षमेचं पत्र लिहून बघा." त्यांनी कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि पुढचे दोन महिने फिरकले नाहीत. चूक माझी होती. मी अजून त्यांचं काही ऐकलंच नव्हतं.

परत आले तेव्हा सांगितलं. १९९४ साली ईस्टर ३ एप्रिलला होता. शाळेला सुट्टी, वय नऊ. ६ तारखेच्या रात्री राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून तुत्सी या अल्पसंख्य जमातीची कत्तल सुरू झाली. ओळखपत्रावरच जमात छापलेली असायची, त्यामुळे अडवलं की कळायचं. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. तिथलं सरकार दहा लाखांहून जास्त सांगतं. बरीचशी कोयत्यानं, आणि पुष्कळदा शेजाऱ्यांच्याच हातून. आधीच्या दंगलींत चर्चमध्ये शिरलं की जीव वाचायचा, म्हणून या वेळीही लोक तिकडेच धावले. या वेळी चर्चमध्येच हजारो मारले गेले. त्यांची आई आणि धाकटी बहीण तिथेच होत्या. ते स्वतः कसे वाचले, ते इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

माझ्याकडे यायचं कारण मात्र एक पत्र होतं. गावातला शेजारी, ज्याच्या अंगणात हे खेळले, तो शिक्षा भोगून सुटला होता. नातेवाइकाकरवी त्यानं निरोप पाठवला होता: मला माफ कर. बायको म्हणे, मोठं मन करा. ओळखीचे पाद्री म्हणाले, ख्रिस्तानं तर क्रुसावरून माफ केलं. जावईबापू मला म्हणाले, "ताई, तिकडे गावोगाव गवतावर बसून गचाचा न्यायसभा चालायच्या. गुन्हा कबूल करून माफी मागितली की शिक्षा कमी व्हायची. मला कसं कळणार, हा माझ्यासाठी मागतोय की सवयीनं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१२मध्ये बंद होईपर्यंत त्या न्यायसभांनी १९ लाखांच्या वर प्रकरणं निकालात काढली. इतक्या माफ्यांतल्या खऱ्या किती, हे कोण मोजणार? मी वेगळंच विचारलं, "सूड घ्यायचा नाही, हे कधी ठरवलंत?" बराच वेळ गेला. "मुलगा झाला त्या रात्री."

क्षमेवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांच्या स्वतःच्या आईचा खून झाला होता. ते निर्णयाची क्षमा आणि भावनेची क्षमा अशा दोन निराळ्या गोष्टी मानतात. पहिली ठरवता येते. दुसरी येईल तेव्हा येते, कदाचित येतही नाही. जावईबापूंनी पहिली केव्हाच केली होती, तिला कुणी माफी म्हटलं नव्हतं इतकंच. आणि यातल्या कशातच त्या माणसाला भेटणं, मिठी मारणं किंवा त्याची शिक्षा कमी व्हावी असं वाटणं बसत नाही.

एक सांगते, आपल्या गोव्यात 'झालं गेलं विसरा' म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकानं मंगेशी कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळला आणावा लागला, ही गोष्ट आमच्याकडची म्हातारी माणसं काल घडल्यासारखी सांगतात. साडेचारशे वर्षं आपण विसरलो नाही, आणि नऊ वर्षांच्या पोरानं विसरावं?

मग श्रद्धेचं काय? ते काम माझ्या हातून झालं नाही, सासूबाईंनी केलं. ईस्टरनंतर म्हापशाला मिलाग्र सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त असतं. हिंदू तिला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, तेल वाहायला जातात. सासूबाई दरवर्षी जातात. त्या वर्षी त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, गर्दीत बाटली सांडते माझ्या हातून. दारापर्यंत धराल?" ते दारापर्यंत गेले. आत नाही गेले. दुसऱ्या वर्षीही नाही. पण घंटा वाजत असताना दोन्ही हातांत बाटली धरून उभे राहिले, आणि मला येऊन सांगितलं, "प्रार्थना नाही केली. शिव्या दिल्या देवाला. आईच्या भाषेत." मी म्हटलं, नसलेल्याला कुणी शिव्या देतं का? ते हसले. माझ्या खोलीत पहिल्यांदाच.

पाडेली आता ते कामावर गेल्यावरच येतो. तेही सासूबाईंनीच ठरवलं.

पत्राचं उत्तर आम्ही चार वेळा लिहिलं, न पाठवण्यासाठी. पहिलं किन्यारवांडात होतं. मला अक्षरही कळलं नाही, पण त्यांनी ते उभं राहून वाचलं. पाचवं पाठवलं. त्यात माफीचा शब्द नव्हता, एकच प्रश्न होता: माझ्या बहिणीला कुठे टाकलं?

उत्तर तीन ओळींत आलं, जागेसकट. जुलैत तिकडे कोरडा हंगाम असतो, तेव्हा चुलतभावासोबत ते खणायला जाणार आहेत. परवा सासूबाई पुन्हा आल्या होत्या, स्वतःच्या गुडघ्यांची तक्रार घेऊन, जी माझ्या अखत्यारीत येत नाही. जाता जाता दारात थांबल्या. "तुम्हांला ठाऊक असेल," म्हणाल्या, "मोगऱ्याचा वळेसर विमानात टिकतो का हो?"